ब्लॅकजॅकची वही: पावसाळ्याचा हिशेब

ब्लॅकजॅक म्हणजे २१ च्या वर न जाता पानांची बेरीज डीलरपेक्षा जास्त करायचा खेळ. कोथरूडच्या आमच्या बैठकीत आता त्यासाठी सहा कॅट एकत्र पिसले जातात, म्हणजे जोकर वगळून ३१२ पानं. मामा डीलर, आणि पैशांऐवजी चिंचोके. आपल्या राज्यात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, तो २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. चिंचोक्यांवर मात्र मनसोक्त खेळता येतं, आणि या खेळातलं मला जे आवडतं ते सगळं चिंचोक्यांतही आहे.

जुलै भरघोस गेला. दश्शा-चित्रं हवी तेव्हा पडत होती, डबल केलेले डाव, म्हणजे दुप्पट लावून एकच पान घेतलेले, निघत होते. ऑगस्टमध्ये ढीग भराभर खाली आला आणि एका संध्याकाळी सलग आठ डाव गेले. सहावा गेल्यावर मामा म्हणाले, "अरे, आता लाव की दुप्पट! सातवा तुझाच." मी म्हटलं, "मामा, तुमच्या पानांना मागचे सहा डाव माहीत नाहीत." एका चिंचोक्यापासून दुप्पट करत गेलं, तर आठ हरल्यावर २५५ गेलेले असतात आणि नववा डाव २५६ चा लावावा लागतो. तोही कशासाठी, तर एक चिंचोका कमवायला.

त्या रात्री बसून आकडेमोड केली. अचूक खेळलं तरी आपण साधारण ४२ टक्के डाव जिंकतो, ४९ टक्के हरतो, उरलेले बरोबरीत सुटतात. बरोबरी सोडून मोजलं तर आठ सलग हारी सरासरी सुमारे तीनशे डावांत एकदा येतात. आठ सलग विजयांना जवळजवळ नऊशे डाव लागतात. म्हणजे पडती ओळ चढत्या ओळीच्या जवळपास तिप्पट वेळा भेटणार, आणि खेळ तरीही नीटच चाललेला असणार! हे कागदावर उतरलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. ही तूट बरीचशी भरून निघते ती डबल, स्प्लिट (जोडी फोडून दोन डाव करणं) आणि ब्लॅकजॅकवर (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दश्शी किंवा चित्र). सहा कॅटमध्ये ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो आणि त्याला दीडपट, म्हणजे ३:२, मिळतात. म्हणूनच ३:२ ऐवजी ६:५ देणारं टेबल मला अजिबात मान्य नाही. तेवढ्या एका बदलाने घराचा, म्हणजे डीलरच्या बाजूचा, फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. एरवी चांगल्या नियमांत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर कधी बसलात तर आधी टेबलावर छापलेला हा आकडा वाचा.

२०० डावांत सरासरी तोटा एका चिंचोक्याचा, पण नेहमीचा चढउतार इकडे-तिकडे सोळांचा. एवढ्या गोंगाटात ढिगाकडे बघून खेळ सुधारला की बिघडला हे कळणं शक्य नाही. म्हणून वहीत आता दोन रकाने आहेत: डावाचा निकाल, आणि निर्णय तक्त्याप्रमाणे, म्हणजे कुठल्या पानांवर काय करायचं त्या यादीप्रमाणे, होता का. दुसऱ्याच रकान्यावर माझी प्रगती मोजतो. हा तक्ता १९५६ मध्ये रॉजर बाल्डविन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मांडला, तोही साध्या कॅल्क्युलेटरवर. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे.

ऑगस्टचा निकालाचा रकाना लाल, निर्णयाचा स्वच्छ. अठ्ठीची जोडी डीलरच्या दश्शीसमोरही फोडली. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसल्यावर त्याच्या ब्लॅकजॅकवर लावायची वेगळी पैज, एकदाही नाही; त्यात घराला सात टक्क्यांहून जास्त मिळतात. सॉफ्ट १८, म्हणजे एक्का अकरा धरून एक्का-सत्ती, डीलरच्या नव्वीसमोर असली की पान घ्यायचं. बैठकीत याला सगळ्यांचा विरोध असतो. अठरा हातात आल्यावर थांबावंसं वाटतं, पण नव्वीसमोर अठरा कमी पडतात आणि एक्का असल्यामुळे एका पानात २१ च्या वर जाऊन उडायची भीती नसते. १६ विरुद्ध दश्शी या डावावर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. घेतलं काय, थांबलं काय, फरक नावापुरता.

आता मामा सॉफ्ट १७ वर थांबतात. गणपतीनंतर त्यांना तिथे एक पान घ्यायला लावणार आहे. त्याने घराचा वाटा सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढेल आणि तक्ताही थोडा बदलेल: एक्क्यासमोर ११ वर डबल, छक्कीसमोर सॉफ्ट १९ वर डबल, दुर्रीसमोर सॉफ्ट १८ वर डबल. या नियमाने कुणी वही ठेवली असेल, तर किती कॅटने खेळता तेवढं नक्की लिहून कळवा.