ओढणी परत करायची आहे

गुरुवार, रात्र

डावा हात गळ्यात आहे, उजवा मोकळा, म्हणून लिहिता येतंय. डावीकडचं गळ्याखालचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलंय. घोड्यावरून पडताना माणूस नकळत हात टेकवतो आणि तो सगळा धक्का खांद्यातून त्या हाडावर जातो, असं डॉक्टरांनी एक्स-रे दाखवत समजावलं. प्लास्टर नाही. हात झोळीत ठेवायचा आणि थांबायचं, 6 ते 12 आठवडे.

खुर्चीच्या पाठीवर एक निळी ओढणी वाळत घातली आहे. ती माझी नाही. ज्यांची आहे त्यांचं नाव मला माहीत नाही, आणि मी त्यांचे साधे आभारही मानले नाहीत. सोमवारपासून हे मनातून जात नाही. म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढते.

सोमवारी सकाळी मल्हारला घेऊन रपेटीला निघाले. खोगीर चढवलं, त्याचा पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, आवळला. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. चार पावलं चालले की श्वास सोडतात आणि मघाशी घट्ट वाटलेला तंग सैल पडतो. म्हणून पाच-दहा मिनिटांनी तो पुन्हा तपासायचा, हे मला शिकवलेल्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी एक. सोमवारी मी तो तपासला नाही. हवा सुरेख होती, मल्हार कान पुढे करून मजेत चालला होता, मी दुडकी धरली आणि राहून गेलं. ‘घोडा वाईट आहे, सोडून दे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते आहे.

वळणावर झुडपात अडकलेला प्लॅस्टिकचा कागद फडफडला. मल्हार बुजला आणि एका उडीत रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला. माझा तोल डावीकडे गेला, माझ्यासोबत खोगीरही फिरलं आणि मी खाली. बुटाला टाच होती म्हणून पाय रिकिबीत अडकला नाही. अडकला असता तर फरफटत गेले असते. तो विचार रात्री येतो तेव्हा उठून दिवा लावते.

याआधीही मी पडले आहे. एकदा ओढ्यात घोडा पुढच्या पायानं पाणी उडवायला लागला आणि मला ते गोड वाटलं. तो लोळायची तयारी करत होता. वेळीच टाच मारून पुढे काढायला हवा होता, ते कळेपर्यंत तो गुडघ्यांवर बसला होता. आणखी एकदा, शिकायला लागले त्याच वर्षी, घोडा एका दगडाला बुजला म्हणून मी त्याला चाबूक मारला. त्यानंतर तो दर वेळी त्या दगडापाशी थरथरायचा. आमच्या गुरुजींनी तेव्हा सांगितलं होतं, की झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं ही गोष्ट इसवी सनपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवली आहे: बुजलेल्या घोड्याला मारलं तर त्याला वाटतं, ही वेदना त्या भीतीच्या वस्तूनंच दिली. त्या दिवसापासून चाबूक हातात धरलेला नाही.

तर, सोमवार. मी पाठीवर पडलेली. खोगीर मल्हारच्या कुशीवर लोंबत होतं, त्यानं तो आणखी घाबरला होता. थोडा उधळला, लगाम त्याच्याच पायाखाली आला, झटका बसून तो थबकला आणि वीसेक पावलांवर फुरफुरत उभा राहिला. तेवढ्यात पावलं वाजली. साठीच्या आसपासच्या एक बाई, फिरायला निघालेल्या, धावत आल्या आणि माझ्या शेजारी मातीत बसल्या.

त्यांनी मला उचललं नाही. पडलेलं माणूस दिसलं की आपण सगळे आधी काखेत हात घालतो. त्या म्हणाल्या, “हलू नकोस बाळ. पायाची बोटं हलतात का सांग.” हलत होती. हाताचीही हलली. मग त्यांचा हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला. मी म्हटलं, “मावशी, राहू दे ते.” त्यांनी लगेच हात मागे घेतला, का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मानेला काही झालंय की नाही हे कळेपर्यंत हेल्मेट काढू नये, हे तेव्हा मला सांगताही आलं नसतं.

माझा सगळा जीव मल्हारमध्ये होता. पुढे गाड्यांचा रस्ता आहे. मी म्हटलं, “मावशी, त्याला धराल?”

त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कसं धरू ते सांग.”

मी पडल्या पडल्या सांगत होते. मागून जाऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही. अगदी कपाळासमोरूनही नको. त्याच्या खांद्याच्या दिशेनं, तिरकं चाला. पळू नका. डोळ्याला डोळा लावू नका. बोलत राहा. त्या बोलत राहिल्या. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण सूर येत होता, लहान मुलाला थोपटताना असतो तसा. मध्येच मल्हारनं मान झटकली. त्या जागच्या जागी थांबल्या, मागे सरल्या नाहीत. मग त्याचा एक कान त्यांच्याकडे वळला, तो मला दिसला, आणि मी श्वास सोडला. “लगाम हाताला गुंडाळू नका, नुसता मुठीत धरा,” मी ओरडले. त्यांनी मुठीत धरला.

त्या त्याला हळूहळू माझ्याजवळ घेऊन आल्या. एका हातात लगाम तसाच ठेवून दुसऱ्या हातानं गळ्यातली ओढणी काढली. मी माझ्या धड हातानं मदत केली आणि दोघींनी मिळून माझा हात छातीशी बांधला. गुरुजींना फोनही त्यांनीच लावला. माझा अंगठा थरथरत होता.

गुरुजी येईपर्यंत अर्धा तास तरी गेला असेल. तेवढा वेळ त्या उभ्या होत्या, साडेचारशे किलोचं जनावर एका हातानं धरून. मध्ये मध्ये माझं नाव विचारायच्या, आज वार कोणता ते विचारायच्या. डोक्याला मार लागलेल्याला असं विचारत राहावं लागतं, हे त्यांना ठाऊक असावं. गुरुजींनी येऊन लगाम हातात घेतला तेव्हा मी पाहिलं. त्यांची मूठ उघडेना. बोटं पांढरी पडली होती आणि कोपरापर्यंत हात कापत होता. गुरुजींना त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मला लहानपणापासून घोड्याची फार भीती वाटते हो.”

मला गाडीत बसवत होते. मी वळून पाहिलं तर त्या रस्त्याच्या कडेला बसून पाणी पीत होत्या. ‘थांबा, मला त्यांच्याशी बोलायचंय’ एवढं म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? कळ एवढी होती की दातावर दात दाबून बसले होते. दार लागलं.

मी त्यांना धाडसी म्हणणार होते, पण मला त्या शब्दापेक्षा ती मूठच जास्त आठवते. मला घोड्याची भीती नाही, म्हणून मी सहज म्हटलं, धराल का. मी काय मागतेय ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

शनिवार

काल आणि आज, दोन्ही सकाळी त्या वळणावर जाऊन तासभर बसले. कोणी आलं नाही. प्लॅस्टिकचा तो कागद सापडला, तो काढून आणला. हेल्मेट टाकून दिलं. वरून चरा तेवढा दिसतो, पण आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. त्यानं त्याचं काम केलं.

ओढणी धुताना कडेला हातानं घातलेली टीप दिसली. उसवलेलं कुणीतरी बारीक टाक्यांनी शिवलंय. म्हणजे आवडीची असणार. नीट घडी करून ठेवली आहे.

रविवार, रात्र

गुरुजींशी बोलले. स्वारी अजून कितीतरी आठवडे नाही, पण उद्या सोमवार आहे आणि त्या सोमवारीच भेटल्या होत्या. गुरुजी मल्हारला त्याच वेळी, खोगिराशिवाय, नुसता हातात धरून त्या वाटेनं चालवत आणणार आहेत. मी सोबत असेन. हेल्मेटखालचं, मातीनं भरलेलं माझं तोंड त्यांच्या लक्षात राहिलं असेल की नाही कोण जाणे. मल्हारला त्या नक्की ओळखतील. त्याला थोडं लांबच उभं करायला सांगितलंय.