मोमबत्ती आणि ममी

परवा संध्याकाळी वीज गेली तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात मी मेणबत्ती मागितली आणि दुकानदार चाचांनी ती हातावर ठेवताना नेहमीप्रमाणे तिला मोमबत्ती म्हटले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या मुलखात एकाच वस्तूची अशी दोन नावे सुखाने नांदतात, त्यामुळे त्यात नवल काहीच नव्हते; पण अंधारात घरी परतताना एकाएकी आठवले, की हैदराबादच्या संग्रहालयात काचेआड निजलेली इजिप्तची ममी ही याच मोमची दूरची नातलग आहे.

फारसीत ‘मूम’ म्हणजे मेण. इराणच्या डोंगरांतून झिरपणाऱ्या काळ्या, मेणासारख्या मऊ डांबराला त्यावरून ‘मूमिया’ नाव पडले आणि मोडलेल्या हाडांवर, जखमांवर ते मोलाचे औषध ठरले. आपल्या शिलाजिताचा भाऊबंद शोभावा, असाच त्याचा मान होता. पुढे इजिप्तमधल्या जुन्या प्रेतांवरचा राळेचा काळपट थर पाहून लोकांना तोही मूमियाच वाटला, आणि औषधाचे नाव आधी त्या थराला व मग सबंध देहाला चिकटले. ही चूक नुसती बोलण्यात राहिली असती तर हसून सोडून देता आली असती; परंतु युरोपातले औषधविक्रेते कित्येक शतके त्या प्रेतांचीच पूड मूमिया म्हणून विकत राहिले आणि रोगी ती भक्तिभावाने गिळत राहिले. ज्यांचे ते देह होते, त्या प्राचीन इजिप्तवासीयांच्या कानावर मात्र हा शब्द कधीच पडला नव्हता.

प्रेत असे टिकवून ठेवण्याच्या कामासाठी मराठीत खास घडवलेला शब्द रूढ नाही. मृतदेहाला अग्नी किंवा माती देणाऱ्या समाजाला त्याची गरज तरी कधी पडणार? रामायणात भरत येईपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला गेला खरा, पण तो खोळंबा होता, जतन नव्हे. त्यामुळे आपण ‘मसाला भरलेले प्रेत’ म्हणून वेळ निभावून नेली आणि त्यासाठी शब्द घेतला तो थेट फोडणीच्या डब्यातून. (‘मम्मी’वरचा विनोद शाळेतच शिळा झाला, म्हणून तो येथे करीत नाही.)

ही उसनवारी वाटते तितकी विजोड नाही. गावी आजी माळवदावर खारोड्या घालत होती, तेव्हा मी तिला इजिप्तची सारी रीत सांगितली होती: आतडी काढून घ्यायची, नेट्रॉन नावाच्या खाऱ्या मातकट मिठात देह पुरून त्यातले पाणी शोषू द्यायचे, मग राळ चोपडून लिननच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि या साऱ्याला सुमारे ७० दिवस द्यायचे. आजीने हातातले काम न थांबवता ऐकून घेतले.

“म्हंजी वाळवणच की,” ती म्हणाली. मग बाजरीचा घाटा पुढे ओढत तिने विचारले, “पण एका माणसाला मीठ किती लागत असंल रं?”