ग्रुपवर कोण कोण वाचतंय?

आज आमच्या भागातल्या पाणीटंचाईच्या ग्रुपवर एका काकूंनी टँकरवाल्यांविषयी चार ओळी लिहिल्या आणि मिनिटभरात डिलीट केल्या. फोन केला तर म्हणाल्या, "लिंक सगळीकडे फिरतेय, कोण आत आलंय काय माहीत. नको बाबा पोलिसांचं झंझट."

मला त्यांची भीती खोटी वाटत नाही. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन वाटेत चोरून वाचणाऱ्याला अडवतं. लिंकवरून आत शिरलेल्याला मात्र पुढचं सगळं दिसतं, आपल्या नंबरासकट. आणि पालघर कसं विसरायचं? २०१२ मध्ये एका मुलीने मुंबई बंदवर फेसबुकला लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. तरी २०१८ मध्ये केंद्र सरकार सोशल मीडियावर नजर ठेवणारं 'हब' उभारायला निघालं होतंच. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा माघार घेतली.

गुन्हा घडला तर पोलिसांनी जरूर तपास करावा. पण पाणी मागणाऱ्या बाईने लिहिताना दहादा विचार का करायचा? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच एकमताने सांगितलंय.

काकूंना म्हटलं, परत टाका ती पोस्ट. खाली मीही माझं नाव लिहितो.