पायताणाचा वायसर

जेवून आडवं झालं की दुसऱ्या मिनिटाला डोळा लागतो, ही माझी आयुष्यातली एकमेव सिद्धी. मध्यंतरी एका दुपारी ती मोडली. न्हाणीतली चावी ठिबकायला लागली. टप्. जरा दम खाऊन पुन्हा टप्.

आमच्याकडे चावी म्हणजे नळ. कुलपाची ती किल्ली. पुण्याची भावजय लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा आई तिला म्हणाली होती, "जरा चावी सोड गं," आणि बिचारी दारामागच्या खिळ्याकडे बघत उभी राहिली.

तर थेंब. एकाला किती किंमत द्यायची? पण सेकंदाला एक धरला तरी दिवसात चार लिटरच्या वर जातं. आई असती तर चावीच्या तोंडाला सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडलं असतं. थेंब सुतळीवरून गुपचूप उतरतो, आवाज बंद. आबांना हे अजिबात पटायचं नाही. "गळती लपवायची न्हाई," म्हणायचे, आणि पान्हा शोधायला जायचे. पान्हा सापडेपर्यंत आईची सुतळीच चालायची.

मी त्या दोघांचा मुलगा. दोन दिवस सुतळी बांधली, तिसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं.

पोरगा चुणचुणीत. आल्या आल्या भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपावर त्याने पान्ह्याने दोनदा टकटक केलं आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. "काका, ह्यात काय ऱ्हायलेलं न्हाई बगा. हात लावला की सगळं भसकतंय." जुन्या घरात प्रत्येक प्लंबर हे एकच वाक्य बोलतो, आणि वाईट म्हणजे ते खरं असतं. जीआय पाइपाचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचं, जस्त आतून कधीच संपलेलं असतं, गंजाचे गोळे धरलेले असतात. मागे एक तुकडा काढला होता, तर अर्ध्या इंचाच्या पाइपात धड पेन्सिल जाईना. आणि पाइप तुटतो तो बहुधा आट्यातच. आटे पाडताना तिथलं लोखंड पातळ होतं, वरचं जस्तही निघून जातं. चावी फिरवायला जावं तर एल्बो, म्हणजे कोपऱ्यावरचा जोड, निघतो, एल्बो काढायला जावं तर भिंत. म्हणून आमच्या घरात कशाला हात लावायचा नाही याची एक यादीच आहे, तोंडी. टाकीखालचा कॉक तिच्यात पहिला. तो उघडा जाम झालाय, त्यामुळे चावीचं काही करायचं तर आधी टाकी रिकामी करावी लागते. ती होईस्तोवर घरातल्या बादल्या, घागरी आणि एक पिठाचा डबासुद्धा पाण्याने भरून झाला.

आम्ही राहतो कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पाण्याच्या खजिन्याजवळ. कळंब्याच्या तलावातलं पाणी उताराने येऊन इथं साठायचं आणि इथून गावात जायचं, म्हणून हे नाव. खजिन्याशेजारी राहून घागरी भरून ठेवायची सवय काही गेली नाही. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन २०२३ च्या नोव्हेंबरात पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आली, तेव्हा मी पेपर वाचून आधी आमच्या एल्बोकडे बघितलं. पाणी नवं, वाट आजोबांच्या काळातली.

असो. पोराने सफेदा लागलेल्या जुन्या सुतळीवर हळूच चाकू फिरवला, जपून चावीचं डोकं फिरवलं, आणि ते सुटलं. एल्बोसकट नाही, एकटंच. दोघांनीही श्वास सोडला. त्याने स्पिंडल उपसला, टोकाचा वायसर नखाने काढला आणि हातावर ठेवून बघत बसला.

"काका, हे कसलं हो? रबर न्हाई."

काळं, फुगलेलं, रुपयापेक्षा लहान. कडेला शिलाईची दोन भोकं.

मला एकदम २०१९ चा ऑगस्ट आठवला. महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती. गावाभोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे. आमच्या गल्लीत पूर आला नाही, पण टाकी रिकामी. मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत, आणि आबा न्हाणीत पाट टाकून बसलेले. "टाकीत थेंब न्हाई, ह्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?" दुकानं बंद, वायसर मिळेना. मग त्यांनी आपलं जुनं पायताण घेतलं आणि कात्रीने गोल कापला. हिरडा-बाभळीत कमावलेलं म्हशीचं कातडं. भिजलं की फुगतं आणि घट्ट बसतं. त्याच वर्षी कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं होतं. मी म्हणालो, "आबा, जीआय पाइपाला जीआय वायसर!" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. बॅटरी नीट धर म्हणाले.

"टाकू का ह्यो?" पोराने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोरीकडे भिरकावला. मी पाय आडवा घातला.

नवा वायसर रबरी, काळाभोर. पोराने टेफ्लॉन टेप गुंडाळला, पैसे घेतले आणि पुढच्या टायमाला सगळं फायबरचंच करा म्हणून बजावून गेला. आठ दिवस झाले. कालपासून पुन्हा टप्.

माळ्यावर चढून बघितलं. आबांचं पायताण आहे अजून, उजव्या पायाचं. अंगठ्याजवळ एक गोल भोक, त्याच्या शेजारी दुसरं, कधी पाडलं कोण जाणे. टाचेकडचं कातडं मात्र शाबूत आहे. तीन-चार वायसर सहज निघतील.