वाहतात की पोहतात?

"जाळीत येतात ते जीव नुसते वाहतच येतात ना?" प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव; ते धरायची जाळी ओढताना बघणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. प्रवाहापुढे त्यांचं काही चालत नाही, हे खरं. पण पोहता येत नाही? छे!

आपण हात मारून थांबलो तरी थोडं पुढे सरकतो. मिलिमीटरभर जिवाच्या नशिबी ती चैन नाही. पाय थांबले की तोही जवळजवळ जागच्या जागी थांबतो, कारण एवढ्याशा देहाला पाण्याचा चिकटपणा फार जाणवतो. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे काकवीच. त्यात पाय जसा मागे नेला तसाच पुढे आणला, तर जेवढी मजल मारली तेवढीच परत जाते. जीव जितका लहान, तितकी ही पंचाईत मोठी.

खडकांना चिकटून बसणाऱ्या बार्नकलचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पाय मागे रेटताना त्यावरचे केस पसरतात, पुढे आणताना मिटतात. तरी दर खेपेला ते जरा मागे घसरतंच! तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या पिल्लांना बारीक केसांची झालर असते. ती हलती ठेवली की वर, शिंपल्यात ओढून घेतली की थेट खाली.

माझा लाडका मात्र कोपेपॉड, कोळंबीचा मिलिमीटरभर लांबीचा नातलग. एरवी हा शांतपणे चरत असतो. पण माशाने तोंड उघडल्यावर पाण्याला बसणारी ओढ त्याच्या लांब मिशांना कळते आणि काही मिलिसेकंदांत तो उडी घेतो. पायांच्या जोड्या मागून पुढे, एकीमागून एक झटका देतात. परत मात्र सगळ्या एकदम येतात. सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शंभरपटीहून जास्त वेग! एवढा वेग आला की चिकटपणाचा अंमल तेवढ्यापुरता सैल होतो.

राहिला प्रवाह. भरती-ओहोटीशी झुंजणं यांच्या आवाक्याबाहेरचं. वरखाली करणं मात्र हातातलं. कित्येक कोपेपॉड रात्री वर येतात, दिवसा खोल जातात. काही खेकड्यांची पिल्लं तर भरती लागली की वर येतात, ओहोटीला तळाशी जाऊन बसतात, आणि अशी टप्प्याटप्प्याने खाडीत शिरतात. वाहतात, पण गाडी बघून चढतात.