रिक स्टाइनचे मासे, दादरचा बाजार: सहाव्या महिन्याची नोंद

मंडळी, रिक स्टाइन या इंग्रज आचाऱ्याच्या बीबीसीवरच्या जुन्या मालिका पुन्हा बघायच्या आणि दर पंधरवड्याला त्यातलं काहीतरी घरी करायचं, हा डिसेंबरात सुरू केलेला उद्योग अजून तग धरून आहे. मे अखेरपर्यंत बारा पदार्थ व्हायला हवे होते, आठ झाले. त्यातले तीन पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे. दोन आमच्या मांजरालाही दाखवले नाहीत.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल, तिथे पॅडस्टो नावाचं छोटं बंदर. तिथे या गृहस्थाने आधी नाइटक्लब काढला, तो बंद पडला, आणि १९७५ मध्ये माशांचं रेस्तराँ सुरू झालं. 'टेस्ट ऑफ द सी' १९९५ ची, 'सीफूड ओडिसी' १९९९ ची. दुसरीत तो गोवा, थायलंड, ऑस्ट्रेलियातलं नूसा, स्पेनचं गॅलिशिया असा हिंडतो. निर्माता डेव्हिड प्रिचर्ड. आणि चॉकी नावाचा जॅक रसेल कुत्रा, जो मला अधूनमधून यजमानापेक्षा जास्त आवडतो.

माझी खरी अडचण कृतीची नाहीच, माशाची आहे. स्टाइन हॅडक म्हणतो, टर्बट म्हणतो, मंकफिश म्हणतो. आपल्याकडे यातलं एकही नाही. सुरुवातीला मी दिसायला सारखा मासा शोधायचे. चपट्याला चपटा म्हणून टर्बटच्या जागी पापलेट घेतलं. पापलेट वाया गेलं असं म्हणवत नाही, पण सॉस एकीकडे आणि मासा दुसरीकडे असं झालं. आता मी मांस बघते: तेलकट की कोरडं, पाकळ्या सुटतात की घट्ट राहतं, शिजायला किती वेळ घेतं. रूप गेलं खड्ड्यात.

बांगडा. इथे नशीब जोरावर, कारण रेशाद मॅकरेल तो स्वतःच करतो. रेशाद म्हणजे पोर्तुगीज 'रेशेआदु', भरलेलं. गोव्यात बांगड्याला काट्याच्या दोन्ही बाजूंनी चिरा देऊन मसाला भरतात, काटा जागेवरच राहतो. स्टाइन मात्र दोन्ही फिले, म्हणजे दोन्ही बाजूंचं मांस, शेपटीपर्यंत सोडवतो, शेपटीशी जोडलेले ठेवतो, मधला काटा कात्रीने कापून काढतो, आत मसाला लावून पुन्हा दोऱ्याने बांधतो. मी दोन्ही करून पाहिलं. त्याचं मॅकरेल मोठं, आपला बांगडा किलोला सहा-सात येणारा. काटा काढला की आत उरतं काय? तव्यावर चार मिनिटांत सुकून गेला. शिवाय दोरा जळला. दुसऱ्या खेपेला मोठे, किलोला चार बसणारे बांगडे मिळाले तेव्हा त्याची रीत जमली, आणि काट्याला कंटाळणाऱ्या भाच्याने पहिल्यांदा बांगडा संपवला. लहान बांगड्याला गोव्याचीच रीत. मसाल्याला माडाचं व्हिनेगर हवंच, पाण्याचा थेंब नको. बरणी फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहते.

पाकट. लोण्यात परतलेलं स्केट, काळसर होईपर्यंत तापवलेलं लोणी, वरून केपर्स, म्हणजे खारवलेल्या आंबट कळ्या. जुना फ्रेंच प्रकार. स्केटच्या जागी पाकटाचे पंख. पहिला तुकडा कढईत पडला आणि घरात नवसागराचा भपका. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐका: पाकट आणि मुशी यांच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचाच अमोनिया होतो. म्हणजे दोष रीतीचा नाही, माझ्या नाकाचा. बाजारातच वास घेऊन बघायला हवा होता. दुसऱ्यांदा बाजारातल्या कोळीण मावशीने टोपलीतला पाकट दाखवत स्वतःच सांगितलं, "बाय, हा आजचा हाय, न्यायचा तर न्या." नेला. केपर्स आणले नाहीत. एप्रिलमध्ये मिठाच्या पाण्यात घातलेली हिरवी करवंदं होती, ती चिरून टाकली. आंबट, तुरट, खारट. मला केपर्सपेक्षा बरी वाटली. आई म्हणाली, "वरून फोडणी दिली असतीस तर आमटी झाली असती." हे कौतुक होतं की काय, अजून कळलेलं नाही.

लेपा या चपट्या माशाबद्दल फार लिहित नाही. कातडी शेपटीकडून ओढून काढायची युक्ती उत्तम चालते, बोटांना मीठ लावा म्हणजे पकड येते. मासा मात्र इतका पातळ की लोणी तापेपर्यंत शिजलेला असतो.

जिताडा. नूसाचा भाग बघताना मी उठून उभी राहिले. ऑस्ट्रेलियात ज्याला बॅरामंडी म्हणून डोक्यावर घेतात तो आपला जिताडाच, नात्यातला नव्हे, तोच मासा! सहा महिने मंकफिशला पर्याय धुंडाळत होते, आणि इथे पर्यायाची गरजच नाही. जिताडा खाडीत वावरतो, गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो, जन्मतो नर म्हणून आणि मोठेपणी मादी होतो. तेव्हा थोरला जिताडा घेतलात तर ती बहुधा बाईच. रायगडकरांपुढे याला रश्श्याशिवाय शिजवायचं नाव काढू नये, पण मी काढलं. पावणेदोन किलोचा आणला, कातडीसकट फिले केले, कातडी कागदाने टिपून अर्धा तास उघडी फ्रीजमध्ये. बिडाचा तवा चांगला तापवून कातडी खाली, पहिलं अर्धं मिनिट कालथ्याने दाबून, एकूण पाच मिनिटं. उलटल्यावर फक्त एक. थर्मामीटर आत ५७ अंश दाखवत होता. कातडी पापडासारखी वाजली. डोकं आणि काटे टाकले नाहीत, त्यांचं कालवण दुसऱ्या दिवशी झालं, आणि खरं सांगायचं तर घरच्यांनी ते जास्त चवीने खाल्लं.

पुढची यादी: शेवंड, माकूल, शिणाणे. पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, मावशीच्या पाटीवर सुकट-बोंबील येतील. तोवर हॅडकचा धूर दिलेला प्रकार जिताड्यावर करून बघायचा विचार आहे; तळ्यातला जिताडा पावसातही मिळतो. गच्चीत पत्र्याचा डबा आणि नारळाची सोडणं जमवून ठेवली आहेत. शेजारच्या काकूंना अजून सांगितलेलं नाही.