पाटीवरचे नाव

श्रावण, शुक्रवार. रात्र.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आमच्या कामाचा जोर ओसरतो. हल्ली काही पंचांगांत चातुर्मासातलेही मुहूर्त दिलेले असतात, तरी मुंबईतल्या मराठी घरांमधली बरीचशी लग्ने अजून तुळशीच्या लग्नासाठी थांबतात आणि तोवर साखरपुडे, डोहाळजेवणे, बारशी यांवर आम्हा फोटोग्राफरांचे भागते. याच मोकळ्या दिवसांत मावसभावाने आणि मी ठरवून टाकले, की यंदाच्या हंगामापासून दुसऱ्यांच्या बॅनरखाली कामे करणे बंद करायचे आणि स्वतःचा व्यवसाय मांडायचा. तो व्हिडिओ करतो, मी फोटो काढते. कॅमेरे, लेन्स, दिवे जमले आहेत, लालबागला मावशीची बंद पडून असलेली खोली ऑफिससाठी मिळाली आहे आणि ओळखीतून मार्गशीर्षातल्या तारखांची विचारणाही होऊ लागली आहे. अडले आहे ते नावापाशी.

नावाशिवाय एकही कागद पुढे सरकत नाही. लहान उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीच्या अर्जात उद्योगाचे नाव लागते; व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडायचे तर बँक त्या नावाचे कागद मागते; आणि खाते नाही तोवर क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्याला माझे वैयक्तिक नाव दिसत राहणार. ही शेवटची गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. मुलीचे वडील ॲडव्हान्स पाठवायला फोन हातात घेतात तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर उमटलेले नाव वाचून क्षणभर थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. काम होण्याआधी, कधीकधी सहा-सहा महिने आधी, ते एवढी रक्कम एका नावाच्या भरवशावर सोपवत असतात. कॅटररचा एखादा पदार्थ बिघडला तर दुसरा वाढता येतो. आमच्या हातून निसटलेला क्षण कोणालाच परत आणता येत नाही. म्हणून ते नाव कसे असावे याचा विचार गेले काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवातीला आम्ही दोघेही साहजिकच विधींच्या शब्दांकडे वळलो. मराठी लग्न या बाबतीत फार श्रीमंत आहे. केळवण, रुखवत, सीमांतपूजन, गौरीहर, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल, यांतला कोणताही शब्द उच्चारला तरी त्या प्रसंगाची चौकट माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. माझा जीव अर्थातच अंतरपाटात अडकला होता. शेवटचे मंगलाष्टक चालू असते, मामा मुलीच्या मागे उभे असतात, करवली हातातला करा सावरत असते आणि मी भटजींच्या खांद्यामागे, एक गुडघा बोहल्याच्या कडेला टेकवून, श्वास रोखून बसलेली असते. ‘सावधान’ होते, अंतरपाट बाजूला सरकतो आणि दोघांची नजरानजर होते तो काळ एका श्वासाइतकाही नसतो. त्याच वेळी वाजंत्री सुरू होतात, पाहुणे मोबाइल उंचावून उभे राहतात आणि चारी बाजूंनी अक्षता येतात. घरी येऊन बॅग उघडली की लेन्सच्या हूडमध्ये अडकलेले कुंकवाचे तांदूळ निघतात. त्या एका क्षणासाठी मी या धंद्यात आले, असे म्हटले तरी चालेल.

तरीही ते नाव मी बाजूला ठेवले, कारण मुंबईत आम्हाला ज्यांची लग्ने टिपायची आहेत त्या सगळ्यांच्या लग्नात अंतरपाट नसतो. नायगावच्या हॉलमध्ये बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून पुष्पमाला घातल्या जातात. वांद्र्याच्या चर्चमध्ये वडिलांच्या हाताला धरून नवरी येते, कुर्ल्यात मौलवी साहेब निकाहनामा वाचतात, दादरच्या पारशी कॉलनीत ‘आशीर्वाद’ हा लग्नाचा विधी होतो. सप्तपदी हा शब्दही कितीही सुंदर असला तरी एका पद्धतीचाच आहे. पाटी वाचताच ‘हे आपल्यासाठी नसावे’ असे कोणाच्या मनात यावे, ही कल्पना मला सहन होत नाही. गेली काही वर्षे दुसऱ्यांसाठी काम करताना मी या सगळ्या घरांत जेवले आहे.

बाबांचे म्हणणे असे, की शब्द शोधत बसण्यापेक्षा सरळ आडनाव लावावे. माणूस नावाला बांधलेला असला की काम चोख होते. त्यांच्या म्हणण्याला या शहराच्या इतिहासाचा आधार आहे, हे मला मान्य केले पाहिजे. मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक, आणि त्या काळापासून पुढे कितीतरी वर्षे स्टुडिओ म्हणजे मालकाचे नाव हीच रीत होती. राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ काढला तोही ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या नावाने. पण याच रीतीचे दुसरे टोक म्हणजे कोलकात्याचा ‘बोर्न अँड शेफर्ड’. सॅम्युअल बोर्न १८७० साली भारत सोडून गेले, आणि त्यांचे नाव मिरवणारा तो स्टुडिओ २०१६ पर्यंत चालू होता. गिऱ्हाईक ज्या माणसाच्या नावावर विसंबून जिना चढायचे तो माणूस केव्हाच आत नव्हता. आडनाव उत्तरदायित्व सांगते खरे, पण मालकी बदलली की तेच नाव कोणाबद्दलच काही सांगत नाही. शिवाय आमच्या बाबतीत अडचण साधी आहे: मावसभावाचे आडनाव वेगळे आहे. दोन्ही आडनावे जोडली तर वकिलांची फर्म वाटते, आणि एकच लावले तर दुसऱ्याच्या रात्ररात्र जागून केलेल्या एडिटिंगवर पहिल्याचे नाव लागते. बाबांना हे पटायला थोडा वेळ लागला, पण पटले.

मावसभावाचा कल आधी भारदस्त इंग्रजी नावाकडे होता, आणि त्यातही ‘रॉयल’ हा शब्द त्याला फार आवडला होता. आम्ही भागीदारी संस्था काढणार असल्यामुळे मी कायदा उघडून पाहिला. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ याच्या ५८ व्या कलमात संस्थेच्या नावात वापरायला मनाई असलेल्या शब्दांची यादीच आहे; क्राउन, एम्परर, एम्पायर, इम्पीरियल, किंग, क्वीन यांच्याबरोबर रॉयलही तिथे आहे, आणि तो वापरायचा तर राज्य सरकारची लेखी संमती लागते. वाद तिथेच मिटला. मला मात्र कायद्यापेक्षा दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटत होते. परळच्या दोन खोल्यांतून हळद करून निघालेल्या मुलीच्या अल्बमवर आपण राजेशाही कशासाठी छापायची? तिच्या आईने स्वतः विणलेले रुखवतातले रुमाल तिथे शोभून दिसतात, तेवढे पुरे.

एक मोठी चाळणी लिपीची होती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी मराठीत पाटी लावणे बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत; २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पेंटरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मला तो नियम जाच वाटत नाही. नाव आधी देवनागरीत लिहून पाहायचे आणि मग रोमन लिपीत, या क्रमामुळे बरीच दिखाऊ नावे आपोआप गळाली. उलट बाजूनेही तपासावे लागलेच: ‘मुंडावळ्या’, ‘सोहळा’ यांतला ळ रोमन लिपीत गेला की ल होऊन परत येतो, आणि इन्स्टाग्रामवर शोधणाऱ्या गुजराती किंवा कानडी मुलीला आमचे पान सापडणारच नाही. फोनवर एकदा सांगितल्यावर, मागे लोकल धडधडत असताना, समोरच्याला लिहून घेता आले पाहिजे एवढी माझी अट होती.

ट्रेडमार्कचा विचार मी आतापासून करते आहे, कारण चार वर्षे राबून नाव मोठे करायचे आणि मग कोणाची तरी नोटीस यावी, असे व्हायला नको. ट्रेडमार्क नोंदवताना वस्तू आणि सेवांचे क्रमांकवार वर्ग असतात; छायाचित्रणाची सेवा वर्ग ४१ मध्ये येते. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शब्दाचा शोध फुकट घेता येतो आणि उच्चारसाम्यानेही घेता येतो, हे फार उपयोगी आहे. शुभ, मंगल, विवाह या शब्दांची नावे पाहतच बसावी लागतात. नुसते वर्णन करणारे नाव, म्हणजे ‘मुंबई वेडिंग फोटो’ असे काही, नोंदले जाणे कठीण, कारण ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ याचे नववे कलमच त्याच्या आड येते. उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते, एरवी ते ९,००० आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. एवढे सगळे पाहता नाव असे हवे, की ते लग्नाचे आहे हे कळावे पण लग्नाचे वर्णन करणारे नसावे.

असे नाव मला सापडले ते एका नोंदणी विवाहाचे जुने फोटो चाळताना. विशेष विवाह अधिनियम, १९५४ प्रमाणे लग्न लागायला तीन साक्षीदार लागतात. त्या दिवशी दोन आले होते आणि तिसरी मैत्रीण हार्बर लाइनवर अडकली होती. कार्यालयातली वेळ टळत चालली होती, नवरी दर मिनिटाला दाराकडे पाहत होती, नवऱ्याने हातातला हार दोनदा खुर्चीवर ठेवून उचलला होता. मैत्रीण धापा टाकत आली, कोणाचे तरी पेन घेऊन तिने सही केली आणि सही करतानाच तिचे डोळे भरून आले. माझ्या त्या फोटोत वर-वधू मागे धूसर आहेत आणि समोर तिचा हात, पेन आणि नोंदवही आहे. जोडप्याने अल्बमचे पहिले पान म्हणून तोच फोटो निवडला होता.

‘साक्षीदार’. मी वहीत लिहून पाहिले आणि मग एकेका घराशी लावून पाहिले. आमच्याकडे लग्न अग्नीच्या साक्षीने लागते. निकाहाला दोन गवाह लागतात. चर्चमध्ये धर्मगुरूखेरीज दोघे उभे राहून सही करतात. पारशी विवाहाच्या १९३६ च्या कायद्यात आशीर्वादाच्या वेळी धर्मगुरूंशिवाय दोन पारशी साक्षीदार हजर असावे लागतात. पद्धत कुठलीही असो, कोणीतरी पाहिले पाहिजे आणि पाहिले म्हणून सांगितले पाहिजे, ही गरज सगळीकडे आहे, आणि माझे कामही नेमके तेवढेच आहे.

आईने नाव ऐकताच नाक मुरडले. तिला त्यात कोर्टकचेरीचा वास आला आणि शुभकार्याला असे नाव नको असे तिचे म्हणणे पडले. तिची शंका मी उडवून लावणार नव्हते, कारण मुलामुलींच्या लग्नाचे निर्णय तिच्याच वयाच्या बायका घेतात. उत्तर मावशीने दिले. ती म्हणाली, “अगं, लग्नाला चार माणसे बोलावतो ती कशाला? साक्षीलाच की. नाहीतर देवळात जाऊन दोघांनीच हार घातले असते.” आई त्यावर काही बोलली नाही, पण रात्री जेवताना तिनेच विचारले, की पाटी पिवळी करणार की लाल.

रविवार. दुपार.

नाव ठरल्यापासून एका गोष्टीचा निकाल लावणे भाग झाले. आमच्या धंद्यात नवरीचा रंग एडिटिंगमध्ये उजळून देणे इतके रुळले आहे, की अनेक ठिकाणी विचारतही नाहीत. मी ज्यांच्याकडे काम करत होते तिथे तर तो एडिटिंगचा पहिला टप्पा होता. सावळ्या मुलीच्या मानेचा आणि चेहऱ्याचा रंग वेगवेगळा झालेले अल्बम मी पाहिले आहेत. तिची मुलगी उद्या तो अल्बम उघडील तेव्हा तिला आईचा चेहरा ओळखू यावा की नाही? साक्षीदार म्हणवून घ्यायचे आणि खोटी साक्ष द्यायची, हे माझ्याने होणार नाही.

मावसभावाला गिऱ्हाईक तुटण्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. पहिल्याच हंगामात नकार घंटा वाजवणे कोणालाही परवडत नाही. बरीच चर्चा करून आम्ही करारनाम्यात लिहायचे ते ठरवले. पुळी, घाम, ओघळलेले काजळ मागितल्यास काढून देऊ. हॉलच्या पिवळ्या-निळ्या दिव्यांमुळे बिघडलेला रंग मूळच्यासारखा करून देऊ. त्वचेचा रंग बदलणार नाही. समूहफोटोतून कोणाला पुसून हवे असेल, आणि अशा मागण्या येतात, तर अल्बमसाठी तो माणूस नसलेला दुसरा फोटो निवडू, पण काढलेल्या फोटोतून माणूस काढून टाकणार नाही. मूळ फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर पाच वर्षे सांभाळू. बुकिंगच्या वेळी हे तोंडीही सांगायचे, मुलीच्या आईसमोर सांगायचे, असा माझा आग्रह होता. तो त्याने मान्य केला आणि कलमांची भाषा सोपी करण्याचे काम स्वतःकडे घेतले. उद्या मसुदा वकिलांकडे जाईल, त्यांच्याकडूनच वर्ग ४१ मधला शेवटचा शोध घेऊन होईल आणि तो स्वच्छ निघाला की पेंटरला अक्षरे द्यायची. पाटी लाल करायची असे आईने ठरवले आहे.